एका बाजारात एक वळण

माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलं, की चहा यायच्या आत एक वाक्य येतंच. ‘ताई, फॉन्ट जरा भारी टाका.’ भारी म्हणजे कसा, हे मी आता विचारत नाही. पूर्वी विचारायची. तेव्हा कुणी हातानं हवेत गोल काढून दाखवायचं, कुणी मोबाइलमधला पुण्यातल्या हॉटेलाचा फोटो पुढं करायचं. एका कापडवाल्यानं तर ‘सोनाराच्या दुकानासारखा, पण आपल्याला शोभणारा’ असं सांगितलं होतं. इतकी वर्षं हा धंदा केल्यावर माझं मत असं झालंय, की आपल्या दुकानाचं अक्षर कसं हवं हे माणसाला पक्कं माहीत असतं, फक्त ते शेजारच्या दुकानावर दिसेपर्यंत त्याला सांगता येत नाही.

मी शालन. मिरजेत जन्मले आणि मिरजेतच दिली, कारण सासर दोन गल्ल्या सोडून होतं. रोज सकाळी सांगलीला जाते, संध्याकाळी परत येते. सांगलीतल्या आमच्या गल्लीत डिझाइनची सात दुकानं आहेत आणि त्यांतलं सगळ्यांत लहान माझं. व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका, दुकानाचा बोर्ड, पाकिटावरचं लेबल, फोनवर फिरवायच्या जाहिराती, जे जे अक्षरानं होतं ते आम्ही करतो. नवी पोरं त्याला ब्रँडिंग म्हणतात. मीही म्हणते. तसं म्हटलं की गिऱ्हाईक जरा सरळ बसतं.

ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉन्ट म्हणजे एका वळणाची सगळी अक्षरं भरलेली फाइल. क पासून ज्ञ पर्यंत, काना-मात्रा, जोडाक्षरं, आकडे, सगळं त्यात असतं. पूर्वी आम्ही ते सीडीवरून कॉम्प्युटरात टाकायचो. आता डिझाइनचं टूल इंटरनेटवरच उघडतं. तयार नमुना घ्यायचा, नाव बदलायचं, फोटो बदलायचा, झालं काम. गिऱ्हाइकाची पोरंच घरी बसून करतात आणि ‘मावशी, नुसती प्रिंट द्या’ म्हणून येतात. पण त्या टूलमध्ये मराठीचे बरे फॉन्ट मोजकेच. त्यामुळं कराडची बेकरी, साताऱ्याचे पेढे आणि मिरजेचा दवाखाना, सगळ्यांचं अक्षर एकच. सगळा मुलूख एका शाळेच्या गणवेशात उभा केल्यासारखा दिसतो. ज्याला वेगळं दिसायचंय त्यानं आपला फॉन्ट करून घ्यायचा आणि टूलमध्ये चढवायचा. वर्गणी भरलेल्या खात्यातच तो चढतो, फुकटच्या खात्यात चढत नाही. ह्या एका नियमापायी माझी अब्रू गेली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

अक्षराचं वेड काय असतं ते मला फलटणकडच्या एका रिटायर सुभेदारांनी दाखवलं. त्यांना डेअरी काढायची होती. मी गोलसर, मऊ अक्षरात नाव टाकलं, दुधाला शोभेल असं. सुभेदार खुर्चीत बसलेच नव्हते. माझ्या पाठीमागं उभं राहून बघत होते. म्हणाले, हे अक्षर ढिलं उभं आहे. मग मी जाड टाकलं. म्हणाले, पोट सुटलंय. तिरकं दाखवलं तर नुसती मान हलवली. दुपारपर्यंत मी एकोणीस फॉन्ट दाखवले असतील. शेवटी एक सरळसोट, काटकोनी, अगदी रुक्ष अक्षर आलं आणि सुभेदारांच्या मिशीखाली हसू उमटलं. ‘हे सावधानमध्ये हाय,’ म्हणाले. आजही त्या डेअरीची गाडी रस्त्यात दिसली की मला आपोआप ताठ बसावंसं वाटतं. मी त्यांना मनात कितीही शिव्या दिल्या असतील, पण त्यांचं खरं होतं. ते अक्षर म्हणजे तेच होते.

हे बघायला मला शिकवलं अण्णा पेंटरनी. अख्खी मिरज त्यांना ह्याच नावानं ओळखते. लग्नाआधी चार वर्षं आणि लग्नानंतर सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली पाट्या रंगवल्या. बाई माणूस म्हणून शिडीवर चढू द्यायचे नाहीत. जमिनीवर बसून होणारं काम माझं: नंबरप्लेटी, वकिलांच्या पाट्या, दवाखान्यांतली ‘शांतता राखा’. मिरजेत दवाखाने एवढे, की ती दोन शब्दांची आज्ञा मी झोपेतही काढली असती. अण्णा खडूनं दोन आडव्या रेघा मारायचे, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवायचे आणि एका दमात अक्षर उतरवायचे. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचे आणि तिथून वाचायचे. तिथून वाचताना डोळा कुठं अडखळला, तर परत येऊन ते अक्षर पुसायचे, मग तहसीलदार का उभा असेना समोर.

अण्णांचा एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतःच घातलेला होता. एका बाजारात एक वळण एकदाच. एका दुकानाला जे वळण दिलं, ते त्याच बाजारात दुसऱ्याला द्यायचं नाही. मार्केटात नवा बोर्ड आला, की अण्णा आधी घरी जाऊन वही काढायचे. त्या वहीत प्रत्येक दुकानाचं पान होतं. कापडवाल्याच्या पानावर त्याचा क कसा वाकलाय, भांडीवाल्याचा भ कसा फुगलाय, सगळं पेन्सिलीनं काढलेलं. ते बघून मग नव्या माणसासाठी काहीतरी वेगळं बांधायचे. अर्ध्याहून जास्त गिऱ्हाइकांना वाचता यायचं नाही, तेव्हाची गोष्ट आहे. माणसं वळणावरनं दुकान ओळखायची. मी एकदा विचारलं होतं, कुणाला कळतंय अण्णा? ते म्हणाले होते, मला कळतंय की.

मग फ्लेक्स आला. जी पाटी रंगवायला आम्हाला तीन दिवस लागायचे, ती मशीन एका तासात बाहेर फेकायला लागलं, वर मालकाचा फोटोही. मी कॉम्प्युटर शिकले आणि सांगलीत एका दुकानात लागले. अण्णांना सांगायला गेले, तेव्हा ते ब्रश धूत होते. बरं म्हणाले. त्यानंतर वर्षभरानं मिरजेतल्या एका मोठ्या कापड दुकानानं अण्णांनी रंगवलेली पाटी उतरवून माझा फ्लेक्स लावला. तो ताणून बांधायला माणसं चढली होती आणि मी खाली उभी होते. अण्णा सायकलवरनं चालले होते. थांबले, एक पाय जमिनीवर टेकवून वर बघत राहिले. मी झटकन दुकानात शिरले आणि साड्यांच्या गठ्ठ्यामागं उभी राहिले. ते जाईपर्यंत बाहेर आले नाही. पुढची वीस-बावीस वर्षं मी मिरजेत राहून अण्णांची गल्ली टाळली. ह्याची मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच पाहिजे.

त्या गल्लीत मला परत नेलं चंद्राक्कांनी. चंद्राक्का चौगुले ह्या मिरजेच्या मार्केटात मसाले विकतात. घर जैन, त्यामुळं मसाल्यात कांदा नाही, लसूण नाही. आमच्या भागात कांदा-लसणाच्या चटणीशिवाय माणसाला घास जात नाही, आणि ही बाई बिनकांदा-लसणाचा मसाला घेऊन बसली. लोक हसले. पण आसपासची सगळी जैन घरं त्यांच्याकडं आली, आणि हळूहळू बाकीचेही आले. दुकानावर लाकडी पाटी, पांढऱ्यावर तांबडी अक्षरं, ‘चंद्राक्का मसाले’. ती अण्णांनी रंगवलेली. आता त्यांच्या सुनेनं पुण्याच्या दुकानांत माल ठेवायचं जमवलं होतं आणि पाकिटं छापायची होती. सुनेनं फोनवर नवीन पद्धतीचे फॉन्ट पाठवले होते. चंद्राक्कांनी फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

‘शालन, माझी गिऱ्हाइकं अक्षर बघून येत्यात. मला पाटीवरचंच पायजे.’

पाटीवर मोजून सहा अक्षरं. पाकिटावर तर वजन, साहित्य, पत्ता, कसं वापरायचं, सगळं लिहायचं असतं. मी म्हणाले, नाव पाटीवरचं घेते, बाकी दुसऱ्या फॉन्टमध्ये करते. चंद्राक्का म्हणाल्या, म्हणजे तोंड माझं आणि अंग दुसऱ्याचं. मग त्यांनीच सांगितलं, की अण्णांच्या वहीत त्यांच्या वळणाची पूर्ण बाराखडी आहे, त्यांनी स्वतः बघितलीय. चल, जाऊ आपण.

अण्णा आता ऐंशीला आलेत. मुलगा दवाखान्यातल्या लॅबमध्ये आहे, सून चांगली आहे. उजवा हात सारखा थरथरतो, म्हणून तो डाव्या हातानं धरून बसायची सवय लागलीय. मला बघून म्हणाले, ‘मशीनवाली आली.’ रागानं नव्हे. पण हसूनही नव्हे. चंद्राक्कांनी सगळं सांगितलं. अण्णांनी वही मागवली, पान काढलं. दोन पानं भरून बाराखडी होती. प्रत्येक अक्षराची शेपूट किंचित वर उचललेली, मसाला कुटताना पदर खोचतात तशी. मी पाट्या रंगवायला बसायची त्या काळातलंच काम, आणि वहीतली ही पानं मी कधी बघितलीच नव्हती.

‘वही न्हे,’ अण्णा मला म्हणाले. ‘पर हे वळण आक्काचं हाय. मी तिला शब्द दिलाय, ह्या बाजारात दुसऱ्याला देणार न्हाई म्हणून. चुकून कुणाला लागलं, तर पयलं मला येऊन सांगायचं.’

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले.

त्या दोन पानांचा फॉन्ट करायला मला अडीच महिने लागले. पान स्कॅन करायचं, अक्षराच्या कडेनं एकेक बिंदू ठेवत जायचं, पेन्सिलीचा ठसा कुठं गेलाय ते भिंगातून बघायचं. वहीत नव्हती ती जोडाक्षरं मी अण्णांच्या पद्धतीनं बांधली. संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याला दाखवायची. तो एसटीत कंडक्टर होता, त्याला तिकिटावरच्या अक्षरापलीकडं काही कळत नाही, पण त्यानंही एकदा च बघून ‘हा आपल्या मार्केटातला’ असं ओळखलं. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी शिरा केला. खरं सांगते, कॉम्प्युटरवर बसल्यापासून इतकं मन लावून मी काहीच केलं नव्हतं. कुणाकडून तरी घेतलेलं परत देतेय असं वाटत होतं. फॉन्टला नाव दिलं ‘अण्णा’.

आता माझी चूक सांगते. आमच्या गल्लीतल्या सात दुकानांनी मिळून त्या ऑनलाइन टूलचं एकच खातं घेतलेलं. भिशी लावतात तशी वर्गणी, आणि सातही जणांना एकच पासवर्ड. सगळ्या सांगलीत असंच चालतं, एकट्यानं खातं घेणाऱ्याला आम्ही वेडा म्हणतो. कुणी चांगला नमुना केला की तो खात्यात राहतो, दुसरा घेतो. कुणी देवाचा फोटो चढवला तर तो सगळ्या पेठेच्या पत्रिकांवर. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझं स्वतःचं खातं फुकटचं, त्यात फॉन्ट चढत नव्हता. म्हणून मी अण्णांचा फॉन्ट त्या सातजणांच्या खात्यात चढवला, चंद्राक्कांची पाकिटं केली, छापायला पाठवली आणि फॉन्ट तिथंच ठेवून उठले. काढायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. वर चढवलेले फॉन्ट यादीत सगळ्यांच्या आधी दिसतात. सात दुकानांत रोज सकाळी टूल उघडलं, की पहिल्या ओळीत अण्णा.

पहिल्यांदा दिसलं ते मिरज रोडला, सिग्नलवर. कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, खाली चाळीस कार्यकर्त्यांची मुंडकी, आणि वर अण्णांच्या वळणात ‘अभीष्टचिंतन’. मी रिक्षात बसून हसले. छातीही जरा फुगली, खोटं कशाला बोलू. माझं काम लोकांना आवडतंय असं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मोबाइलच्या दुकानावर दिसलं, मग कुस्तीच्या मैदानाच्या पत्रकावर, मग एका श्रद्धांजलीच्या बोर्डावर. तिथं मात्र माझं हसू गेलं. मी गल्लीत जाऊन विचारलं. दोन दुकानं सोडून प्रकाशचं दुकान आहे, गुणी पोरगा, दोन लेकरांचा बाप. तो म्हणाला, ‘मावशी, तुमीच टाकलाय की यादीत. मला वाटलं सगळ्यांसाठी टाकलाय. लय भारी हाय, गिऱ्हाईक एका नजरंत पास करतंय.’ आमच्या खात्याचा रिवाजच तो. मी फॉन्ट काढून टाकला आणि सुटले बाई म्हणून घरी आले. अण्णांना जाऊन सांगायचं होतं. आज जाते, उद्या जाते, असं करत मी गेले नाही.

चंद्राक्का आल्या तेव्हा चातुर्मास चालू होता. त्यांनी पिशवीतून दोन पाकिटं काढली आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही पांढरी, दोन्हीवर तांबडी अक्षरं, दोन्हीची शेपूट वर उचललेली.

‘ह्यातलं माझं कुठलं?’

एक त्यांचं होतं. दुसरं मार्केटातल्याच एका नव्या मसालेवाल्याचं, मी फॉन्ट काढायच्या आधीच प्रकाशनं करून दिलेलं. नाव वेगळं होतं, ठळक होतं, कुणी फसवायला केलेलं नव्हतं. पण त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या सुनेनं गर्दीत अक्षर बघून पाकीट उचललं होतं. नाव वाचलं कुठं? इतक्या वर्षांत त्या घरात ते कुणी वाचलंच नव्हतं. त्या मसाल्यात कांदा होता, लसूण होता. घरी सासूबाईंचं चातुर्मासाचं व्रत चालू. त्यांनी भाजीचे दोन घास खाल्ले आणि वास आला. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, आयुष्यात पहिल्यांदा व्रत मोडलं म्हणून दोन दिवस पाण्यावर राहिली. सुनेनं रडत चंद्राक्कांना फोन केला. तिला वाटलं होतं, चंद्राक्काच आता लसूण घालायला लागल्या.

चंद्राक्का म्हणाल्या, मी त्या घरी जाऊन आले, आजींच्या पाया पडले, आता बऱ्या आहेत. मग म्हणाल्या, ‘अण्णांना तू सांगतीस का मी सांगू?’ मी उठले, दुकानाचं शटर ओढलं आणि दोघी मिरजेला निघालो.

अण्णांना मी सगळं सांगितलं. खात्याचं, पासवर्डचं, यादीचं. त्यांना त्यातलं निम्मं कळलं नसेल, पण मी काही लपवलं नाही. अभीष्टचिंतनाच्या फ्लेक्सवर मी हसले होते, तेही सांगितलं. व्रत मोडल्याचं चंद्राक्कांनी सांगितलं. मला वाटलं आता अण्णा मला दारातून जा म्हणतील. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुनेला काठी मागितली, उठले, चंद्राक्कांसमोर जाऊन उभे राहिले आणि तो थरथरता हात दुसऱ्या हातात घेऊन जोडला.

‘आक्का, चूक माझी. शब्द मी दिलेला, हिनं न्हाई.’

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्लीत. गिऱ्हाइकांची, मालकांची, सासूची. त्यांतलं एकही एवढं लागलं नाही. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि पदर तोंडाला लावला. चंद्राक्कांनी अण्णांचे हात धरून खाली केले. आवं अण्णा, काय करताय, बसा खाली, म्हणाल्या. त्याही रडत होत्या, पण त्या रडताना कामाचं बोलू शकतात. पुण्याचा पुढचा माल पंधरा दिवसांवर आला होता. त्या म्हणाल्या, ते वळण आता बाजारात पांगलं, कुणाकुणाच्या पाट्या उतरवायला सांगू? त्या मसालेवाल्यानं पुढच्या छपाईला अक्षर बदलायचं कबूल केलंय, भला माणूस आहे. पण मला आता ते नको. ते बघितलं की मला आजी आठवतात. मला दुसरं द्या.

अण्णांनी विचारलं, किती अक्षरं लागतील. मी सवयीनं म्हणाले, पूर्ण बाराखडी दिली तर बरं, फॉन्ट करता येईल. अण्णा म्हणाले, आक्काच्या नावाला लागतात तेवढीच काढायची. पाटीवर लागतात तेवढीच. उरलेली अक्षरं कुणाच्या हातात देण्यासाठी काढायची? इतकं साधं होतं ते. नाव चित्र म्हणून टाकलं असतं, खालचा मजकूर कुठल्याही साध्या फॉन्टात केला असता, तर काहीच पांगलं नसतं. चंद्राक्कांनी हट्ट धरला खरा, पण सगळी बाराखडी भरायची हौस माझीच होती. अडीच महिने मी ज्याला गुरुदक्षिणा समजत होते, त्यात माझी मिरवणूक जास्त होती.

अण्णांच्या सुनेनं माळ्यावरून डबा काढला. ब्रश जुने, पण खारीच्या केसांचे, धुऊन कागदात गुंडाळून ठेवलेले. रंग नवा आणावा लागला, चंद्राक्काच जाऊन घेऊन आल्या. एक पांढरा पत्रा भिंतीला टेकवला. अण्णांनी खडूची रेघ मलाच मारायला लावली. मग काठीवर मनगट टेकवलं आणि चं काढायला घेतला. पहिली उभी रेघ बरी आली. गोलाई घेताना हात असा हलला, की रंग पत्र्यावर उडाला. अण्णांनी दुसऱ्यांदा काढलं. मी म्हणाले, असू द्या अण्णा, कॉम्प्युटरवर मी नीट करून घेते. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रॉकेलच्या बोळ्यानं पत्रा स्वच्छ पुसला, कोपऱ्यापर्यंत पुसला, आणि ब्रश माझ्यापुढं धरला.

‘तू काढ.’

मी नको म्हणाले. ब्रश हातात धरून वीस-बावीस वर्षं झाली होती. हे कारण मी सांगितलं, पण खरं कारण दुसरं होतं. अण्णांकडं होते तेव्हा मी अण्णांच्या वळणात काढायची. कॉम्प्युटरवर आले तशी यादीतली वळणं उचलून लावत आले. लोकांना भारी फॉन्ट दाखवता दाखवता पन्नाशी उलटली, आणि माझं स्वतःचं अक्षर कसं आहे हे मला माहीत नव्हतं. किराणा मालाची यादीसुद्धा मी फोनवर टाइप करते. चंद्राक्का म्हणाल्या, शालन, घे गं, मला दुकान उघडायचंय.

मी खाली बसले. नंबरप्लेटी करताना बसायची तशीच, एक मांडी घालून, एक गुडघा वर. गुडघा दुखला. ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निपटला. पहिला चं माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचाच होता, शेपूट वर उचललेला. तो मी मुद्दाम सोडून दिला. मग डोळ्यांसमोर काहीच उरलं नाही. चंद्राक्का मात्र समोर उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, घाई असलेल्या आणि तरीही थांबलेल्या. मी त्यांच्याकडं बघितलं आणि हात सोडला. चं आला तो बसका, दोन पाय फाकवून उभा राहिलेला, पोट भरलेल्या माणसासारखा. द्रा काढताना रेघ जरा जाड झाली, ती मी तशीच ठेवली. क्का त्याला चिकटून आला. माझ्या कपाळावर घाम आला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

अण्णा काठी टेकत उठले. दारातून बाहेर गेले, गल्ली ओलांडली आणि समोरच्या घराच्या पायरीवर उभं राहून माझ्याकडं नाही, पत्र्याकडं बघायला लागले. मधून एक दुधवाला गेला, तो जाईपर्यंत थांबले. परत बघितलं. मी ब्रश उचलून धरून बसले होते. त्यांनी पुसायला सांगितलं असतं तर मी पुसलं असतं, पण त्या क्षणी मला ते पुसायचं नव्हतं, एवढं मला समजलं. अण्णा हळूहळू परत आले. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. उत्तर मात्र त्यांनी मला दिलं नाही, चंद्राक्कांना दिलं.

‘आपल्या बाजारात हे कुठंच न्हाई.’

मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘मसाले राहिलंय. लिही.’ मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि म काढायला घेतला.